एकशे वीस ग्रॅम

आमचे मोठे काका वारले त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हा घराण्याची मताईपदवी, म्हणजे घराण्याच्या प्रमुखाचा मान, रिकामी पडली. ती माझ्याकडे यावी अशी माझी इच्छा होती हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायको, शेजारी, ऑफिस आणि चर्चचं गायनमंडळ, एवढ्यांपाशी फक्त बोललो. आमच्याकडे पदवी नसलेला माणूस कितीही वर्षांचा झाला तरी तो वाढपीच. लग्न असो, मयत असो, चर्चचं जेवण असो, जिथे म्हणून चार प्रतिष्ठित माणसं मांडी घालून बसतात तिथे मी लावालावा, म्हणजे आमची लुंगी, कमरेला घट्ट आवळून ताटं उचलतो. माझं वय एक्कावन्न. गुडघे कुरकुरतात. मी मोजणी खात्यात वरिष्ठ कारकून आहे, अर्ध्या उपोलू बेटाच्या हद्दी माझ्या टेबलावरून सरकतात. पण रविवारी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेला, परवा परवा मताई झालेला कोणीतरी टोणगा मला म्हणतो, "मोनी, हात धुवायला पाणी." आणि मी पाणी आणतो. शेवटी सगळे उठले की उरलंसुरलं आम्ही वाढप्यांनी खायचं.

पदवी कोणाला द्यायची हे घराण्याची बैठक ठरवते आणि बैठकीने काय ठरवायचं हे तालिंगी आत्या ठरवते. आत्याला पदवी नाही, पण ती काकांची थोरली बहीण. बहिणीने नुसतं खाकरलं तरी आमच्या बैठकीत विषय बदलतो. उमेदवार दोनच होतो. एक मी, फिलेमोनी, शिकलेला, सरकारी नोकरीतला, इस्त्रीचा शर्ट घालणारा. दुसरा माझा चुलतभाऊ सामू, टॅक्सी चालवतो, शाळेत एकाच वर्गात इतका रमला की मास्तर बदलले, तो नाही. आता यात निवड करण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आत्याची गावात खानावळ आहे. खानावळ कसली, नुसत्या खांबांवर छप्पर असलेला, चारी बाजूंनी उघडा फाले, खाली चटया, मागे उमू, म्हणजे दगडांची भट्टी. तापल्या दगडांवर डुक्कर, अळूकंद, अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं दाट दूध बांधलेल्या पालुसामीच्या पुरचुंड्या, वरून केळीची पानं. बस. आपियाहून लोक तासभर बसचे धक्के खात तिथे जेवायला जातात. हे बघून एके दिवशी माझ्या डोक्यात आलं की याची शाखा आपियात काढावी. आत्याचं नाव शहरात लागलं म्हणजे आत्या खूश, आणि आत्या खूश म्हणजे पदवी माझी. मोजणी खात्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस दोन बिंदूंमधली सरळ रेषा ताबडतोब ओळखतो.

"कशाला?" आत्या म्हणाली. ती नारळ खवत होती आणि मी बोलत असताना तिने एकदाही वर पाहिलं नाही.

"तुझं नाव होईल, आत्या."

"नाव आहे मला."

"शहरात होईल."

"काढ मग," ती म्हणाली. "पण पाटीवर माझं नाव लावणार असशील तर माणसं माझ्याकडून उठतात तशीच तुझ्याकडून उठली पाहिजेत. ते जमलं तर बैठकीत मी तुझं नाव घेईन. नाही जमलं तर पाटी काढून आणीन. आता बाजूला हो, उजेड अडतोय."

घरी येऊन बायकोला सांगितलं. "तुला चहा करता येत नाही," रुता म्हणाली. मी म्हटलं, चहा करणं वेगळं आणि व्यवस्थापन वेगळं. ती म्हणाली, मग एलियाला विचार. आणि इथेच घात झाला.

एलिया हा रुताचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. ऑकलंडला तळलेल्या कोंबडीच्या बारा दुकानांवर तो देखरेख करायचा. 'बारा दुकानं, एक चव' हे वाक्य जेवणाआधीच्या प्रार्थनेत म्हणायचं तेवढं त्याने बाकी ठेवलं होतं. मी त्या बारा दुकानांपैकी एकात जेवलो आहे. बाकीच्या अकरांत चव तीच असेल तर न्यूझीलंडच्या लोकांची मला कीव येते. पण तेव्हा माझ्यावर भूत स्वार होतं. एलियाने डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "भाऊजी, आत्याच्या ताटाचं माप काय?"

"माप नाही."

"मग धंदा नाही. आधी माप, मग मॅन्युअल, मग शाखा. आज आपिया, उद्या पागोपागो, परवा ऑकलंड."

तीन दिवस आम्ही दोघं वजनकाटा घेऊन आत्याच्या उमूशेजारी बसलो. बाहेर जाणारं प्रत्येक ताट मी काट्यावर ठेवायचो आणि एलिया वहीत लिहायचा. पहिलं ताट, डुकराचं मांस चारशे दहा ग्रॅम. दुसरं, पस्तीस ग्रॅम आणि एक कोंबडीची मान. तिसऱ्यात मांस नाहीच, पण पालुसाम्या पाच. एलियाला घाम फुटला.

"आत्या, याला पाच का?"

"दात गेलेत त्याचे."

"आणि हिला चारशे दहा?"

"ती माझ्या सुनेच्या मावशीची जाऊ. गेल्या वर्षी माझ्या सुनेला तिने मांडीचा तुकडा वाढला होता."

"आणि त्या निळ्या शर्टवाल्याला मान?"

"का ते त्याला ठाऊक आहे," आत्या म्हणाली. निळ्या शर्टवाला खाली मान घालून ती मान चोखत होता.

मग वेळ. पालुसामी किती वेळ शिजवायची? तर आत्या म्हणे, रविवारी पाळकसाहेबांची दुसरी प्रार्थना संपेपर्यंत. आणि इतर दिवशी? इतर दिवशी पाळकसाहेबांची दुसरी प्रार्थना संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा. एलियाने पाळकसाहेबांना घड्याळ लावून मोजलं. एका रविवारी अकरा मिनिटं, पुढच्या रविवारी सव्वीस. दुसऱ्या रविवारी दानपेटीत कमी जमलं होतं.

शेवटी एलियाने सगळ्या आकड्यांची सरासरी काढली. थोरले मताई, विधवा, दात गेलेले, निळ्या शर्टवाला, सगळे एकत्र घोटून जे उरलं ते मॅन्युअलच्या चौदाव्या पानावर आलं. अळूकंदाचे तुकडे दोन, पालुसामी एक, उकडलेलं केळं अर्धं, डुकराचं मांस एकशे वीस ग्रॅम. तीन दिवसांत एकशे वीस ग्रॅमचं ताट आत्याने एकालाही वाढलं नव्हतं. पण ही बारीक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, कारण मला तो आकडा फार आवडला. बांधावरच्या दगडासारखा पक्का वाटला.

यापुढे एलियाला अस्सलपणाची उबळ आली. पालुसामीत आत्या डब्यातलं खारं गोमांस घालते. एलिया म्हणाला, डबा परदेशी, तो काढा. आत्या म्हणाली, "माझ्या आजीपासून डबा आहे. तुझी आजी काय घालायची?" एलियाची आजी ऑकलंडला असायची आणि पिझ्झा मागवायची. पण मॅन्युअलमधून डबा गेला तो गेलाच. सबंध बेटावर जी एकच वस्तू प्रत्येक दुकानात, प्रत्येक वेळी, तंतोतंत त्याच चवीची मिळते, तीच त्याने एकसारखेपणाच्या नावाने बाहेर काढली. हे मी त्याला तेव्हा ऐकवायला हवं होतं. मला ते परवा आंघोळ करताना सुचलं.

परवान्याचं सांगायचं तर माझं रक्त आजही तापतं. अर्जात एक रकाना होता, चुलीचा प्रकार. गॅस, वीज, लाकूड. मी पुढे 'दगड' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. परवाना कार्यालयातल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दगड हे भांडं आहे का उपकरण?"

"दगड हा दगड आहे."

"असं चालत नाही. उपकरण असेल तर उत्पादकाचं प्रमाणपत्र लागेल."

"दगडाचा उत्पादक कोण?"

"ते अर्जदाराने शोधायचं असतं."

आमचे शेजारी तोफी मास्तर, निवृत्त, भूगोल शिकवायचे आणि अजूनही कोणी थांबला की शिकवतात. ते म्हणाले, "त्यात काय एवढं. ज्वालामुखीचं नाव लिही." मी लिहिलं. अर्ज आठ दिवसांनी परत आला. शेरा होता, उत्पादकाची सही राहिली आहे.

जागेचा नकाशा जोडायचा होता, तो मात्र माझ्याच खात्यातून मिळणार होता. म्हटलं हे एक काम तरी सुरळीत होईल. माझ्या हाताखालच्या सेउलाबाईंनी फाइल घेतली, उघडली आणि कपाटात ठेवून दिली. "साहेब, अर्जदार याच कार्यालयातला असेल तर फाइल नव्वद दिवस बाजूला ठेवायची, असा नियम आहे."

"कोणत्या दीडशहाण्याने केलाय हा नियम?"

सेउलाबाईंनी परिपत्रक काढून माझ्यापुढे धरलं. नऊ वर्षांपूर्वीचं होतं. खाली माझी सही होती, वळणदार.

नव्वद दिवस सरल्यावर परवाना आला तो सहा अटी घेऊन. सहावी अट अशी की स्वयंपाकाची सर्व साधनं रोज साबणाने धुतली पाहिजेत. सहीचा प्रश्न सुटावा म्हणून दगड हे उपकरणाऐवजी साधन ठरलं असल्याने आम्ही आत्याकडून आणलेले शंभर दगड उद्घाटनाच्या आठवडाभर आधी साबणाने घासले, स्वच्छ पाण्यात खंगाळले आणि चाचणी म्हणून जाळ केला. आता ओला दगड जाळात ठेवू नये हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण हातात परवाना होता, त्यावर शिक्का होता, आणि सरकारी कागदापुढे माझी अक्कल नेहमीच अदबीने उभी राहते. तोफी मास्तर कुंपणापलीकडून सांगत होते की आपल्याकडचा दगड मुळात ज्वालामुखीतून निघालेला, त्याला आगीचं काय. तेवढ्यात पहिला दगड फुटला. मग दुसरा. एक कपची मास्तरांची टोपी घेऊन गेली आणि मास्तर घरात गेले, ते उद्घाटन होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

एलिया मात्र आनंदला. दुसऱ्या दिवसापासून गॅसची भट्टी. धुराची चव हवी तर बाटलीत मिळते, मांसावर थेंब टाकायचे. आणि वाचलेल्या दगडांपैकी चार त्याने दर्शनी भागात काचेच्या पेटीत ठेवले, खाली पाटी, 'अस्सल उमू'. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही. मी मनातल्या मनात पदवीच्या समारंभाचं भाषण घोकत होतो.

उद्घाटनाला अख्खं गाव बसने आलं. पुढे थोरले, म्हणजे गावचे सर्वांत मोठे मताई, मोठ्या देहाचे, फार थोडं बोलणारे. मागे वक्ते, म्हणजे थोरल्यांच्या वतीने जे बोलायचं ते बोलणारे मताई, हातात काठी, खांद्यावर माश्या वारायचा दोऱ्यांचा झुपका. मग पाळकसाहेब, मग आत्या, मग बाकीची मंडळी. आणि सामू त्याच्या टॅक्सीने. टॅक्सीच्या डिकीत केळीच्या पानांत गुंडाळलेलं एक अख्खं भाजलेलं डुक्कर होतं. आत्याने पहाटे आपल्या उमूत केलेलं, शाखेला आशीर्वाद म्हणून.

एलिया दारात आडवा झाला. "वजन न केलेलं मांस आत येणार नाही. पान एकतीस."

"आत्याने दिलंय," सामू म्हणाला.

एलियाने माझ्याकडे पाहिलं. सामूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा." हे वाक्य मी त्या वेळी फार रुबाबात उच्चारलं होतं. सामू डुक्कर परत डिकीत ठेवून आला.

टेबलांना नंबर होते, जो आधी येईल तो आधी बसेल. थोरले सावकाश चालतात, त्यामुळे त्यांना नऊ नंबरचं टेबल मिळालं, हात धुण्याच्या नळाशेजारी. खिडकीजवळच्या एक नंबरवर बसचा ड्रायव्हर बसला होता, कारण बस त्यानेच थांबवली होती. त्याला काय करावं सुचेना, तो अर्धवट उठत होता आणि एलिया त्याला खांद्याला धरून बसवत होता.

मग ताटं आली. चाळीस ताटं, एका वेळी, एकसारखी. कंद दोन, पालुसामी एक, अर्धं केळं, एकशे वीस ग्रॅम. आमच्याकडे डुकराची कंबर थोरल्यांची, खांदा वक्त्यांचा, डोकं रांधणाऱ्यांचं. हे काही कुठे लिहिलेलं नाही, पण ते चुकलं म्हणून माणसांनी गाव सोडल्याची उदाहरणं आहेत. एलियाने सबंध डुकराचे चौकोनी तुकडे केले होते. कंबर कुठे गेली, खांदा कुठे गेला, देवाला ठाऊक. थोरल्यांच्या ताटात सहा चौकोन होते. बस ड्रायव्हरच्या ताटात सहा चौकोन होते. टेबल चारवर सहल करायला आलेली एक जर्मन जोडी होती, त्यांनाही सहाच, आणि ते तेवढ्यात खाऊनही मोकळे झाले.

थोरल्यांनी ताटाकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. हात मांडीवरच राहिले. थोरले जेवायला लागल्याशिवाय गावातला कोणी घास उचलत नाही, त्यामुळे सदतीस हात सदतीस मांड्यांवर गेले. नळ ठिबकत होता तेवढा आवाज.

मग वक्ते काठी टेकत उठले.

"फिलेमोनी," ते म्हणाले, "आज तू मोठं काम केलंस. आमच्या वाडवडिलांना फार कष्ट पडले. कोण कोणाचा कोण, कोणाच्या आजीने वादळात कोणाच्या आजोबाला होडीत घेतलं, कोणी कोणाच्या मयताला किती चटया आणल्या, सगळं पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात ठेवावं लागायचं. तू आम्हाला त्या ओझ्यातून मोकळं केलंस. यापुढे लक्षात ठेवायचं ते एवढंच, एकशे वीस. तुझी मुलंबाळं सुखी राहोत, आणि त्यांना कोणी ओळखण्याची वेळ न येवो."

मी इतका मूर्ख की मला ते कौतुक वाटलं. मी मान लववून आभार मानले. रुताने मागून माझ्या पाठीला चिमटा काढला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

यापुढे मी जे केलं ते सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो, कारण गावात ते याहून वाईट शब्दांत सांगितलं जातं. मी म्हटलं, थोरल्यांचं ताट वाढवायचं. मांस तर मोजून आलेलं, जास्तीचं नाही. म्हणून मी बस ड्रायव्हरच्या ताटातले तीन चौकोन उचलले, सामूच्या ताटातले दोन उचलले आणि थोरल्यांच्या ताटात टाकले. म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं काढून मी थोरल्यांना वाढलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. एलिया धावत आला आणि ओरडला, "भाऊजी, हे ताट आता दोनशे वीसचं झालं." त्याने दोन चौकोन उचलून परत घेतले. मी त्याचा हात धरला. थोरल्यांच्या नाकासमोर, अख्ख्या गावादेखत, आम्ही मेहुणे-मेहुणे डुकराच्या दोन तुकड्यांसाठी झटापट केली. एक तुकडा वक्त्यांच्या झुपक्यात अडकला.

तेव्हा सामू उठला. बाहेर गेला, डिकी उघडली आणि ते डुक्कर खांद्यावर घेऊन आत आला. या वेळी एलिया आडवा आला नाही, कारण सामू थांबलाच नसता. सामूने टेबलं भिंतीला लावली, बसमधल्या चटया काढून पसरल्या, थोरल्यांना मधल्या खांबापाशी बसवलं. कंबर थोरल्यांना. खांदा वक्त्यांना. पाळकसाहेबांना मांडी. ज्या म्हातारीला दात नाहीत तिला पोटाचा मऊ भाग. बस ड्रायव्हरला पाठीचा चांगला तुकडा, कारण तो गावाला घेऊन आला होता आणि परत नेणार होता. त्या जर्मन जोडीलासुद्धा बरगड्या दिल्या, पाहुणे म्हणून. कोणाला काही विचारलं नाही, कुठे काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी डुकराचं डोकं घेऊन तो स्वयंपाकघराच्या पायरीवर रांधणाऱ्यांबरोबर जाऊन बसला. लोक पोट फुटेस्तोवर जेवले आणि आत्याकडून उठतात तसे उठले. फक्त माझ्याकडून उठले नाहीत.

आत्याने स्वतः स्टुलावर चढून पाटी काढली. मी स्टूल धरलं, तेवढं माझ्याकडून झालं. पाटी काखेत मारून ती आत गेली आणि काउंटरवरच्या वजनकाट्याकडे बघत राहिली.

"हा अचूक आहे?" तिने विचारलं.

"एका ग्रॅमचा फरक नाही, आत्या."

"मला देतोस?"

मी दिला. वाटलं, एवढं झालं तरी माझं काहीतरी तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी थोरल्यांच्या घरासमोर चटई डोक्यावर घेऊन बसलो. हा आमच्याकडचा क्षमा मागण्याचा जुना मार्ग. कोणी कोणाचा जीव घेतला तर मारणाऱ्याच्या घरच्यांनी घराण्यातली सर्वांत उंची चटई पांघरून मेलेल्याच्या घरासमोर बसायचं, आणि समोरच्याने बाहेर येऊन ती चटई दूर करेपर्यंत उठायचं नाही. चटई सासूबाईंची होती, न विचारता आणली होती. चटईखाली फार उकडतं. येणारे-जाणारे थांबत होते. कोणी म्हणालं, तोंड जरा जास्त झाक. कोणी म्हणालं, कोण मेलं? एका बाईने बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिच्या कोंबड्या तो पिऊन गेल्या. उन्हं डोक्यावर आली तेव्हा चटई दूर झाली. वर पाहिलं तर आत्या.

"कोणाला मारलंस?"

"थोरल्यांचा अपमान केला, आत्या."

"थोरले पहाटेच बागेत गेलेत. त्यांना कंबर मिळाली, ते विसरले. तुझं काय झालंय ते मलाच बघायला लागणार." तिने चटईची नीट घडी केली. "ही सासूला देऊन ये. आणि रविवारी जेवायला ये. पदवीचं रविवारी सांगून टाकते सगळ्यांना."

म्हणजे क्षमा झाली. घरी आल्यावर मी रुताला सांगितलं की बाई मनाने फार मोठी आहे. रुताने माझा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून ठेवला, एवढंच.

रविवारी सगळं घराणं आत्याच्या फालेत जमलं होतं. मी सवयीप्रमाणे लावालावा आवळून उमूकडे निघालो. आत्याने हाक मारली, "मोनी, आज वाढायचं नाही. तू बस."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी पंगतीत बसलो. गुडघे दुखत होते, पण ते दुखणं गोड वाटत होतं. छाती भरून आली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाठ ताठ केली.

मग आत्याने सामूला हाक मारली आणि काका मताई म्हणून ज्या खांबाला टेकून बसायचे त्या खांबाकडे बोट दाखवलं. सामू जागचा हलेना. तिने पुन्हा बोट दाखवलं. तो जाऊन काकांच्या खांबाला टेकून बसला, चेहरा कसनुसा, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. आत्याने स्वतःच्या हाताने डुकराची कंबर त्याच्यापुढे ठेवली. कोणी भाषण केलं नाही. त्याची गरजच नव्हती.

मग ती माझ्याकडे आली. पदराखालून, म्हणजे तिच्या त्या फुलाफुलांच्या झग्याच्या ओच्यातून, तिने माझा वजनकाटा काढला आणि माझ्यासमोर चटईवर ठेवला. ताट ठेवलं. कंदाचे दोन तुकडे, एक पालुसामी, अर्धं केळं. मांस तिने आधी काट्यावर ठेवलं आणि वाकून आकडा वाचला. तिला जवळचं दिसत नाही, म्हणून मला विचारलं, "किती?"

"एकशे तेवीस," मी म्हणालो.

तिने त्यातला एक कण चिमटीत धरून काढला आणि फालेच्या कडेला बसलेल्या लंगड्या कुत्र्यापुढे टाकला. "आता?"

"एकशे वीस."

तिने मांस ताटात ठेवलं आणि पुढच्या माणसाकडे गेली. पुढे बसलेल्या पाच वर्षांच्या पोरीला तिने न मोजता मांडीचा तुकडा दिला. माझे डोळे भरून आले, आणि ते उमूच्या धुराने नव्हतं. मी मान खाली घालून जेवलो. मोजणी खात्यातला माणूस आहे, खोटं सांगणार नाही. ताट अगदी बरोबर होतं.